क्रियापदाची फोड आणि आमची तांबडी रेघ

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यावर आम्ही तांबडी रेघ ओढली. वाक्य असे होते : 'लेखक या कथेत कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख मांडायलाय.' समासात आम्ही 'मांडतो आहे' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. उत्तरपत्रिका वर्गात परत दिल्या तेव्हा मंठा तालुक्यातून येणारा तो विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "सर, खालच्या प्रश्नात मी 'मांडतोय' असं लिहिलंय. त्याला तुम्ही काहीच केलं नाही."

आम्ही खाली पाहिले. खरेच होते. 'मांडतोय' हे प्रमाण आहे, 'मांडायलाय' ही बोली आहे, असे उत्तर आम्ही दिले आणि त्याने ते मान्यही केले. आम्हांला मात्र ते पुरेसे वाटेना. 'आम्ही' म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे. एकाचा जन्म परतूर तालुक्यातला, दुसरा पुण्याकडून नोकरीनिमित्त आलेला. रेघ ओढली दुसऱ्याने, पण पहिल्यानेही ती पाहून मान डोलावली होती. आपल्या आईच्या तोंडचे क्रियापद खोडलेले पाहून त्याला काहीच वाटले नव्हते, हे त्याला नंतर अधिक लागले.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाच्या भाचीने पुण्याहून एक शंका विचारली. ती स्पॅनिश शिकते. लांबलचक क्रियापदे घेऊन ती आधी अवयवांत, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांत, आणि मग अर्थपूर्ण घटकांत फोडायची, असा तिला स्वाध्याय होता. शब्द होता 'देसेन्मास्कारारामोस'. 'आम्ही मुखवटा उतरवला असता तर' एवढा सगळा आशय त्या एका शब्दात आहे. उच्चाराने त्याचे सात तुकडे पडतात : दे-सेन्-मास्-का-रा-रा-मोस. अर्थाने सहा : 'देस्' हा उलट क्रिया दाखवणारा उपसर्ग, 'एन्' हा चढवण्याचा, 'मास्कार्' हा मुखवट्याचा मूळ अंश, मग क्रियापदाच्या गणाचा 'आ', मग 'जर-तर'चा 'रा', आणि शेवटी 'आम्ही' सांगणारा 'मोस'. पहिल्याच पायरीवर दोन फोडी एकमेकींशी भांडतात. जीभ 'दे' वर थांबते, अर्थ 'देस्' वर. 'स' उच्चारात पुढच्या तुकड्यात गेला आहे, पण अर्थाने तो मागच्याचा आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची वेळ आली तर स्पॅनिशच्या अकादमीला अशा उपसर्गयुक्त शब्दांत दोन्ही फोडी चालतात. शब्द कोठे तोडावा या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असू शकतात, हे एका भाषेच्या नियामक संस्थेने मान्य केलेले पाहून आम्हांला थोडा हेवा वाटला.

मग आम्ही भाचीला म्हटले, हे तर आपल्याकडेही आहे. 'तू चूक केलीस' यातले 'केलीस' घ्या. लिहिताना अक्षरे तीन : के, ली, स. बोलताना शेवटचा अ गळतो, म्हणून अवयव दोन : के-लीस्. आणि अर्थपूर्ण घटक चार : 'के' हा 'कर' धातूचा भूतकाळातला अवतार, 'ल' हा भूतकाळाचा, 'ई' ही चुकीची (चूक हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून ई) आणि 'स' हा 'तू'चा. एवढ्याशा शब्दात कर्मही बसले आहे आणि कर्ताही. 'तू आम्हांला हसवायचीस' यातले 'हसवायचीस' याहून दाट आहे. हस, व, आय, च, ई, स असे सहा घटक. अक्षरेही सहाच आहेत, पण ती दुसरी सहा आहेत. 'वा' या एका अक्षरात हसवण्याचा 'व' आणि पुढच्या 'आय'चा 'आ' अशी सीमा बुजून गेली आहे, आणि 'ची' या अक्षरात दोन घटक एका वेलांटीने बांधले आहेत. बोलताना अवयव तीनच : हस्-वाय्-चीस्.

अक्षर, अवयव आणि अर्थघटक ही तीन वेगळी मापे आहेत, आणि मराठी माणसाच्या मनात पहिले माप इतके खोल बसले आहे की बाकीची दोन त्याला दिसतच नाहीत. याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 साली जन्मलेल्या या माणसाने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला. अक्षर कसे घोटावे, ओळी कशा सारख्या ठेवाव्यात, पोथी कशी जपावी, याचा इतका बारीक विचार क्वचितच कोणी केला असेल. पण त्या काळच्या पोथीत शब्द सुटे लिहीत नसत. अक्षरामागे अक्षर, सलग ओळ. मोडीत तर लेखणी उचलण्याचीही गरज नसे. शब्द कोठे संपतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. छंदाचे मापही अक्षराचेच. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही मोजणी लिहिलेल्या अक्षरांची आहे, बोलण्यात गळणारा अ तेथे पूर्ण भरतो आणि गाताना तो ऐकूही येतो. अक्षर सांभाळायचे आणि फोड ऐकणाऱ्याच्या कानावर सोडायची, अशी ही व्यवस्था होती.

फोड करण्याची गरज प्रथम पडली ती अर्थावरून वाद होऊ लागले तेव्हा. भोकरदन तालुक्यातल्या जयदेववाडीला, ज्याला सगळे जाळीचा देव म्हणतात, महानुभावांची आजही दाटी असते. त्या पंथाच्या भीष्माचार्यांचा 'पंचवार्तिक' हा मराठीतल्या व्याकरणविचाराचा आरंभ मानला जातो. चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ नेमका लावायचा, एकाही शब्दाचा भलता अर्थ होऊ द्यायचा नाही, ही त्यामागची निकड. श्रद्धेच्या पोटी जन्मलेले हे व्याकरण पंथाच्या सांकेतिक लिपीत पुढे कित्येक शतके झाकून राहिले आणि नंतरच्या व्याकरणकारांच्या हाती लागले नाही. लागले असते तर कदाचित मराठी क्रियापद फोडायला परकी सुरी लागली नसती. हे अर्थात आमचे जर-तर आहे.

परकी सुरी आली ती समुद्रमार्गे, आणि तिचे गाव स्पेनच्या जवळपासचे. 1492 साली आंतोनियो दे नेब्रिहा याने कास्तिलियन भाषेचे, म्हणजे आजच्या स्पॅनिशचे, व्याकरण प्रसिद्ध केले. लॅटिनच्या साच्यात लोकभाषा बसवण्याचा तो उद्योग होता. पण नेब्रिहाच्या एका निरीक्षणासाठी आम्ही त्याला कायम मान देऊ. 'आमारे', म्हणजे 'मी प्रेम करीन', हे भविष्यकाळाचे रूप दिसायला अखंड आहे. नेब्रिहाने सांगितले की ते अखंड नाही. 'आमार' (प्रेम करणे) आणि 'ए' (माझ्याकडे आहे) असे दोन शब्द त्यात जोडले गेले आहेत. मराठीत सांगायचे तर 'मला करायचे आहे'चे 'मला करायचंय' व्हावे आणि मग त्यातला 'आहे' लोकांनी विसरून जावा, तसा हा प्रकार. त्याला पुरावाही होता. जुन्या स्पॅनिशमध्ये 'तुला देईन' म्हणायला 'दार-ते-ए' म्हणत, 'देणे' आणि 'आहे' यांच्या मधोमध 'तुला' बसे. सांधा उघडून मध्ये काही ठेवता येत होते, म्हणजे तेथे सांधा होता. स्पॅनिशने ही रीत पुढे टाकून दिली. पोर्तुगीजच्या ग्रांथिक लेखनात ती अजून आहे, आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदपत्रांतून ती आपल्याकडेही येऊन गेली.

गोव्याचा उल्लेख केला तो उगीच नव्हे. 1579 मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स आपल्याला क्रिस्तपुराणकर्ता म्हणून ठाऊक आहे. 1616 साली ते पुराण छापले गेले, 1619 मध्ये तो वारला, आणि 1640 मध्ये त्याचे कोकणीचे पोर्तुगीज भाषेतले व्याकरण राशोल येथे छापून निघाले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण अशी त्याची ख्याती आहे. क्रियापदाची रूपे तेथे लॅटिनच्या रांगेत उभी केलेली आहेत : वर्तमान, अपूर्ण भूत, पूर्ण भूत. प्रत्येक कप्प्यात काहीतरी भरलेच पाहिजे, कारण लॅटिनमध्ये तो कप्पा आहे. पुढे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूरहून निघाले आणि 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' मुंबईत. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणण्याची रूढी आहे. पाणिनीची सुरी आणि इंग्रजी व्याकरणाचा पाट अशी त्यांची जुळणी होती. तिने शाळाखात्याचे काम भागले, आणि ते लहान काम नव्हते.

खरी फोड मोरो केशव दामल्यांच्या हाती झाली असे आम्ही मानतो. 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त क्रियापदांच्या रूपांची नावे काळावरून न देता प्रत्ययांवरून दिलेली सापडतात : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, चाख्यात, ईआख्यात, ऊआख्यात, ईलाख्यात. विद्यार्थी ही नावे पाठ करताना कंटाळतात, आम्हीही एके काळी कंटाळलो होतो. पण या नावांमागचा विवेक लक्षात घ्यावा. 'करतो' हा वर्तमानकाळ आहे असे म्हटले की 'उद्या मी येतो' याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. 'करतो' हे ताख्यात आहे असे म्हटले की आधी रूप पाहिले जाते आणि अर्थ नंतर विचारला जातो. परकी रांग मोडून मराठी क्रियापदाला त्याच्या स्वतःच्या सांध्यांवरून नाव देण्याचा हा प्रयत्न होता.

सांधे पाहिले की इतिहास हाती लागतो. 'बळी तो कान पिळी' ही म्हण रोजच्या तोंडची. यातले 'पिळी' म्हणजे 'पिळतो', वर्तमानकाळ. जुन्या मराठीत 'करी', 'बोले', 'जाये' हाच साधा वर्तमान होता, संस्कृतातल्या 'करोति'च्या वंशातला. पुढे 'करत' या धातुसाधितावरून आलेले 'करतो' वर्तमानात घुसले आणि 'करी'ला जागा सोडावी लागली. मग ते गेले कोठे? एक भाऊ भूतकाळात गेला : 'आजोबा रोज पहाटे फेरफटका करीत', 'ते असे म्हणत'. दुसऱ्याने 'ल'चा हात धरला आणि तो भविष्यात गेला : करी अधिक ल, 'करील'. तिसरा नकाराच्या आडोशाला राहिला : 'नाचता येईना, अंगण वाकडे' यातल्या 'येईना'च्या मधली 'ई' तीच. 'करील' हे एक रूप फोडले की मराठीने वर्तमान कसा बदलला ते समोर येते. त्या 'ल'च्या मुळाविषयी मात्र पंडितांत एकमत नाही.

'केला'मधला 'ल' निराळा. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताच्या मराठीवरील ग्रंथात (1920, वा. गो. परांजपे यांनी त्याचे मराठी भाषांतर 1941 मध्ये केले) त्याचा माग प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययापर्यंत नेलेला आहे. संस्कृत 'गत', प्राकृत 'गअ', त्याला 'इल्ल' लागून 'गेला'. मुळात ते विशेषण. म्हणूनच ते लिंगवचनाने बदलते : गेला, गेली, गेले. क्रियापदाने स्त्री-पुरुष भेद पाळावा याचे नवल वाटणाऱ्या परभाषिकांना आम्ही हेच सांगतो, की मराठीच्या भूतकाळात एक जुने विशेषण दडले आहे. याउलट इतिहासाचार्य राजवाडे. 1909 मधल्या त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या व्याकरणात आणि मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या धातुकोशात फोडीचा आनंद ओसंडून वाहतो, पण प्रत्येक तुकडा पाणिनीच्या दारी नेऊन ठेवण्याचा त्यांचा हट्ट पुष्कळदा फसतो. तरी राजवाडे वाचावेत. चुकीची फोडसुद्धा इतक्या उमेदीने करणारा माणूस आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आता जरा सावधगिरीची गोष्ट. सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांनी फसू नये. 'तू फार चुका केल्यास' आणि 'चुका केल्यास गुण कापले जातील' या दोन वाक्यांत 'केल्यास' अक्षरशः एकच आहे, उच्चारही एकच. पण पहिल्यात 'या' ही चुकांच्या स्त्रीलिंगी अनेकवचनाची खूण आहे आणि 'स' म्हणजे तू. दुसऱ्यात 'या' हे सामान्यरूप आहे आणि 'स' म्हणजे स, ला, ते मधला विभक्तीचा 'स'. तसेच 'मी गाडी चालवत नाही' आणि 'मला चालवत नाही' यांतल्या दोन 'व'चे. एक दुसऱ्याला चालायला लावणारा प्रयोजक, दुसरा स्वतःच्या शक्तीविषयी बोलणारा शक्य. अशा वेळी एक साधी कसोटी उपयोगी पडते. सांध्यात 'च' घालून पाहावा. 'करतोय' उघडते : 'करतोच आहे'. म्हणजे तेथे दोन शब्द आहेत, नुकतेच डकवलेले. 'केलीस' उघडत नाही, 'केलीचस' कोणी म्हणत नाही, 'केलीसच' म्हणावे लागते. म्हणजे 'स' पक्का झाला आहे. नेब्रिहाच्या 'दार-ते-ए' मधला 'ते' जे काम करतो तेच आपला 'च' करतो.

एवढी तयारी करून आम्ही 'मांडायलाय' हाती घेतले.

शेवटचा 'य' हा 'आहे' आहे, यात वाद नाही. 'मांडतोय'मध्येही तोच आहे. उरले 'मांडायला'. पुण्याकडचा सहकारी म्हणाला, हे तर सरळ आहे, 'मांडायला जातो' यातले 'मांडायला'. 'मांडावयास'चे 'मांडायास', 'मांडायला'. म्हणजे 'ला' विभक्तीचा. विभक्तीला 'आहे' जोडून चालू वर्तमान होत नाही, म्हणून रूप चुकीचे. युक्तिवाद नीटनेटका होता. परतूरच्या सहकाऱ्याने एवढेच विचारले, "आणि बाई असेल तर?" बाई असेल तर 'ती मांडायलीय'. पोरे असतील तर 'खेळायलेत'. 'तू काय करायलास?', 'तू काय करायलीस?', 'आम्ही जायलोत'. विभक्तीचा 'ला' कधी 'ली' होत नाही. 'ती करायली गेली' असे मराठवाड्यातही कोणी म्हणणार नाही, 'करायला गेली' असेच म्हणेल. म्हणजे 'करायली'मधला 'ली' हा 'गेली'मधल्या 'ली'चा भाऊ आहे, भूतकाळाच्या त्या जुन्या विशेषणाचा. 'केल्यास'मधल्या दोन 'स'सारखेच येथे दोन 'ला' एकमेकांच्या मुखवट्याआड उभे आहेत.

हा 'ली' आला कोठून? लातूर-नांदेडकडे 'करूलाली', 'करूलालाय' अशी रूपे ऐकू येतात. 'करू'ला स्वतःचा 'ला' नाही, तेव्हा तेथला 'लाली' हा 'लागली'चाच उरलेला भाग असणार : 'करू लागली'. मग आमच्याकडचे 'करायली' म्हणजे 'करायला लागली'. 'ला' आणि 'ला' लागोपाठ आले, ग पडला, दोनांतला एक 'ला' गेला. 'नाककटा'चे 'नकटा' होताना जसा एक क जातो तसा. भाषाविज्ञानाच्या पुस्तकात याला समाक्षरलोप म्हणतात आणि तो आम्ही दर वर्षी शिकवतो, उदाहरण दर वर्षी 'नकटा'चेच देतो. समोर बसलेली मुले दिवसभर दुसरे उदाहरण बोलत असतात, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. दुसरीही एक शक्यता आहे. 'करायला'मधला विभक्तीचा 'ला' बोलणाऱ्यांनी 'गेला'च्या नमुन्यावर भूतकाळाचा समजला आणि त्याला 'ली', 'ले' ही भावंडे दिली. पुण्याच्या सहकाऱ्याचा कल अजून या दुसऱ्या उपपत्तीकडे आहे. 'करूलाली' पुढे ती टिकत नाही असे पहिल्याला वाटते, आणि लेखाच्या या ओळीवर आमचे एकमत नाही.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. 'लागणे' म्हणजे आरंभ करणे, पण 'पाऊस पडायलाय' म्हणजे पडू लागला असे नव्हे, पडतो आहे. क्रियापदाने स्वतःचा अर्थ सोडून चालूपणाची खूण होणे पत्करले. जिल्ह्याच्या उत्तरेला, जाफराबाद-भोकरदनच्या बाजूला, बुलढाण्याच्या वाऱ्याची मुले 'करू राह्यला' म्हणतात. तेथे तेच काम 'राहणे' करते. 1981 च्या 1 मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके आणि परभणीचे परतूर जोडून हा जिल्हा झाला, तेव्हा एकाच वर्गात तीन चालू वर्तमान बसावेत यात नवल नाही : करतोय, करायलाय, करू राह्यलाय. तिन्हींच्या शेपटाला तोच 'आहे'.

मग पहिले प्रमाण आणि बाकीची दोन अशुद्ध, हे ठरले कधी? येथे व्याकरण संपते आणि राज्याचा इतिहास सुरू होतो. दादोबांपासून दामल्यांपर्यंतची पुस्तके मुंबई इलाख्याच्या शाळांच्या आश्रयाने वाढली. जालना त्या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, सरकारदरबार उर्दूत. प्रमाण मराठीची रूपे ठरत होती तेव्हा येथला माणूस त्या बैठकीत नव्हताच. त्याहून बोलकी गोष्ट ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाची. मराठीचा सातवा खंड 1905 साली निघाला. उधळ्या पुत्राची एकच गोष्ट गावोगावच्या बोलीत सांगवून घेऊन तीत रूपे नोंदवलेली आहेत. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजी कारभाराखाली होता, म्हणून वऱ्हाडीचे नमुने त्यात मिळाले. हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. आज जाफराबादहून देऊळगाव राजाला जायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या अंतरावर एका बाजूचे क्रियापद कागदावर चढले आणि दुसऱ्या बाजूचे राहून गेले. आमच्या ग्रंथालयात बसून 'करायली'चा शतकापूर्वीचा दाखला त्या खंडात शोधण्यात आम्ही दोन दुपारी घालवल्या. तो आमच्या गावचा मिळणारच नव्हता, हे प्रस्तावना आधी वाचली असती तर कळले असते.

1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारने स्वीकारले. पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्यांत आहे. म्हणजे 'करायलाय' कथेतल्या शेतकऱ्याने म्हणावे, त्या शेतकऱ्याविषयी परीक्षेत लिहिणाऱ्या त्याच्या मुलाने म्हणू नये. अलीकडे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाने मराठवाड्यातली रूपे ध्वनिमुद्रणासह नोंदवायला घेतली. ते काम आम्ही वर्गात दाखवतो. आपल्यासारखे बोललेले ऐकून मुले आधी हसतात.

आमच्या अडचणीला मात्र त्याने उत्तर मिळत नाही. विद्यापीठाची उत्तरपत्रिका तपासणारा कोणी तिसराच असतो, आणि त्याच्या हातात आमच्यासारखीच तांबडी लेखणी असते. 'करायलाय' लिही असे मुलाला सांगणे म्हणजे त्याचे गुण आमच्या तत्त्वासाठी खर्च करणे. 'लिहू नको' असे सांगताना तो शब्द चुकीचा आहे असे मात्र आता आमच्याने म्हणवत नाही. ('म्हणवत' मधला 'व' शक्यचा.)

तूर्त आम्ही एवढेच केले. कापलेला अर्धा गुण परत दिला, आणि पुढच्या तासाला फळ्यावर 'बोलायलीस' लिहून ते फोडायला सांगितले. बो-ला-य-ली-स अशी अक्षरे सगळ्यांनीच पाडली. अवयव बहुतेकांना जमले. अर्थघटकांपाशी वर्ग अडला. 'बोल' आणि 'आय' लगेच सुटले, शेवटचा 'स' तूचा हेही कोणीतरी सांगितले. मधल्या 'ली'पाशी अंबडकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली की तिची आजी अजून 'बोलायला लागलीस' असेच म्हणते, पण तिचा अर्थ 'बोलते आहेस' असाच असतो. आजीचे गाव कोणते, वय किती, आणि ती हे नेमके केव्हा म्हणते, हे आम्ही तिला लिहून आणायला सांगितले आहे.